प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी वयस्कर रुग्णांत एपिड्युरल: किती मिली, किती अंतराने, आणि सेक्रल का सुटतं?

परळकर_निवासी

नमस्कार मंडळी. धागा भूलतज्ज्ञांसाठी काढला आहे, पण यूरॉलॉजीवाल्यांनीही लिहावं. नवख्यांसाठी: स्पायनल म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाच्या आत दिलेली भूल, एपिड्युरल म्हणजे आवरणाबाहेरच्या जागेत दिलेली, आणि सेक्रल म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांतली मज्जातंतूंची मुळं.

चर्चेला धरून ठेवायला एक नमुना रुग्ण घेऊ. वय ७६, वजन ५८ किलो, उंची ५ फूट ४ इंच. प्रोस्टेट ७० ग्रॅम, बायपोलर टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडणं), अंदाजे सव्वा तास. जुना हार्ट अटॅक, इकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण) ४० टक्के. अ‍ॅम्लोडिपिन, टॅम्सुलोसिन आणि अ‍ॅस्पिरिन चालू, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारं) सात दिवसांपूर्वी बंद केलेलं. पूर्ण डोसचं स्पायनल दिलं तर बीपी एकदम खाली येईल, म्हणून एपिड्युरल कॅथेटर घालून हळूहळू पातळी चढवायची असं ठरतं.

घोडं अडतं ते आकड्यावर. पुस्तकात सेगमेंटमागे (मणक्यागणिक निघणाऱ्या मज्जातंतूची एक पातळी; टी छातीची, एल कमरेची, एस सेक्रल) १ ते १.५ मिली असतं. त्याने हिशेब केला तर १३ ते २० मिली होतात. काही सीनियर म्हणतात ८ मिलीच्या वर जाऊच नका. ८ मिली दिले की बेंबीपर्यंत बधिर होतं, पण सर्जनने शीथ (दुर्बिणीची नळी) घातली की आजोबा ओरडतात. २० दिले तर टी४ आणि बीपी ७०. मधला मार्ग कसा काढायचा?

टूही_अठरा

परळकर, आधी सेगमेंट मोजू. टीयूआरपीला वर टी१० (बेंबीची पातळी) हवं, कारण मूत्राशय ताणल्याची जाणीव टी११ ते एल२ मधून वर जाते. खाली प्रोस्टेट, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाची मान यांच्यासाठी एस२ ते एस४ हवंच हवं. म्हणजे टी१० ते एस५: छातीचे ३, कमरेचे ५, सेक्रल ५, एकूण १३.

आता वय. ब्रोमेज या भूलतज्ज्ञाच्या जुन्या आलेखात विशीतल्या माणसाला सेगमेंटमागे साधारण दीड मिली लागतं आणि ऐंशीच्या घरात पाऊण. नंतरच्या कामात फरक इतका मोठा दिसला नाही. तेवढ्याच व्हॉल्यूमला म्हातारपणी पातळी तीन-चार सेगमेंट वर जाते, एवढं मात्र टिकून आहे. कारणं शरीरातच आहेत: मणक्यांच्या बाजूची छिद्रं आखडतात म्हणून औषध बाहेर न झिरपता वर-खाली सरकतं, एपिड्युरल जागेतली चरबी कमी होते आणि मज्जातंतूंवरचं मायलिन विरळ होतं.

तुमच्या रुग्णासाठी मी सेगमेंटमागे ०.८ मिली धरेन. १३ गुणिले ०.८ म्हणजे साडेदहा. तेव्हा तयारी १२ मिलीची ठेवायची, टेस्ट डोस (कॅथेटर योग्य जागी आहे का बघायचा पहिला छोटा डोस) त्यात धरून, आणि ते कधीही एका दमात द्यायचे नाहीत. उंचीची दुरुस्ती ५ फुटांच्या वर दर २ इंचांना सेगमेंटमागे ०.१ मिली अशी सांगतात, पण या वयात पाठीला आलेला बाक बघता मी ती वापरत नाही.

८ आणि २० हे दोन्ही आकडे एकाच चुकीतून येतात. दोघेही आधी आकडा ठरवतात आणि मग रुग्णाकडे बघतात.

गिरगावची_भूल

टूही सरांशी सहमत. प्रत्यक्ष क्रम लिहिते.

एल३-एल४ किंवा एल४-एल५. सेक्रल हवं असेल तर खालची जागा बरी. मधल्या लिगामेंटमध्ये कॅल्शियम साचलेलं असतं, म्हणून दोनदा हाड लागलं की मिडलाइनचा हट्ट सोडून पॅरामीडियन घ्या: काट्याच्या दीड सेंटिमीटर बाजूला, थोडं खाली, सुई आत आणि वर. सुई एपिड्युरल जागेत शिरली की सिरिंजचा रेझिस्टन्स जातो, तो सलाइनने बघा. हवा वापरली की बुडबुड्याभोवती ब्लॉक ठिगळासारखा राहतो. कॅथेटर जागेत ४ सेंटिमीटर, फार तर ५. जास्त आत गेलं तर एका बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतं आणि एकच पाय बधिर होतो.

फिल्टर आधी औषधाने भरून घ्या. कोरडा फिल्टर आणि कॅथेटर मिळून जवळपास १ मिली गिळतात. मग ३ मिलीचा टेस्ट डोस खरं तर २ मिलीचाच होतो आणि त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

टेस्ट डोस: अ‍ॅड्रेनलिनसह (१:२,००,०००) २ टक्के लिग्नोकेन ३ मिली. त्यात ६० मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि १५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनलिन येतं. पहिल्या मिनिटात मॉनिटरवरून नजर हलवू नका. नाडी २० ने वाढली तर कॅथेटर शिरेत आहे. पण रुग्ण बीटा ब्लॉकरवर असेल तर नाडी वाढणारच नाही, तिथे सिस्टॉलिक १५ ने चढलं का ते बघायचं. वयस्करांत बीटा ब्लॉकर नसतानाही नाडीचा प्रतिसाद मंद असतो. म्हणून एनआयबीपी (बीपीचा पट्टा) दर मिनिटाला लावून ठेवा. मग ५ मिनिटं थांबून पायाचा अंगठा हलवायला सांगा. पाय जड झाला असेल तर औषध स्पायनल जागेत गेलंय, पुढचा थेंब देऊ नका.

सगळं ठीक असेल तर ४ मिली, ५ मिनिटं थांबा, ३ मिली, पुन्हा ५ मिनिटं. इथे १० मिली झाले. आता पातळी तपासा. उरलेले २ मिली ती बघूनच. प्रत्येक वेळी आधी ओढून बघायचं, रक्त किंवा सीएसएफ (मज्जारज्जूभोवतीचं पाणी) येतंय का ते.

व्हायलवरचं लेबल वाचा. ३० मिलीच्या मल्टिडोस लिग्नोकेनमध्ये मिथाइलपॅराबेन असतं. एपिड्युरलला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच घ्यायचं.

परळकर_निवासी

मॅडम, खूप उपयोगी. औषध कुठलं? आमच्याकडे ०.५ टक्के प्लेन ब्युपिव्हाकेन, ०.७५ टक्के रोपिव्हाकेन आणि लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिन तिन्ही मिळतात.

गिरगावची_भूल

सव्वा तासाच्या कामाला लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिन. १० ते १५ मिनिटांत लागतं, कॅथेटर असल्यामुळे संपायची भीती नाही, आणि सेक्रल मुळं त्यानेच त्यातल्या त्यात लवकर भिजतात. १२ मिली म्हणजे २४० मिलिग्रॅम. ५८ किलोला अ‍ॅड्रेनलिनसह कमाल मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅमने ४०० च्या आसपास येते, म्हणजे टॉप-अपला (नंतरच्या पुरवणी डोसला) जागा उरते.

०.५ टक्के ब्युपिव्हाकेनला २० ते २५ मिनिटं द्यावी लागतात. १२ मिली म्हणजे ६० मिलिग्रॅम, किलोमागे १ मिलिग्रॅमच, मर्यादा २. ओपन प्रोस्टेटेक्टमीला मी हे घेईन. रोपिव्हाकेन ०.७५ टक्के त्याच व्हॉल्यूममध्ये चालतं, पायांची ताकद थोडी कमी जाते आणि हृदयावरचा विषारी परिणाम ब्युपिव्हाकेनपेक्षा सौम्य.

सोबत फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिली. मूत्राशयाच्या ताणाची ती खोलातली ओढ याने छान निवते. ५० मायक्रोग्रॅम या वयात नको, ऑक्सिजन खाली येतो आणि खाजही सुटते.

युरो_बोरिवली

सर्जनच्या बाजूने सांगतो. टी१० च्या वर आम्हाला काहीही नको असतं, आणि त्याचं कारण फक्त बीपी नाही. रिसेक्शन (खरवडणं) करताना प्रोस्टेटची कॅप्सूल, म्हणजे बाहेरचं आवरण, फाटली तर जागा असलेला रुग्ण बेंबीभोवती किंवा जांघेत अचानक दुखल्याचं सांगतो. पाणी पोटाच्या पोकळीत गेलं तर खांदा दुखतो, घाम फुटतो, पोट कडक होतं. तुमची पातळी टी६ असेल तर पोटातलं हे दुखणं झाकलं जातं. मग आम्हाला कळतं ते परत येणारं पाणी कमी झाल्यावर, म्हणजे उशिरा.

दुसरी गोष्ट, शीथ घालताना रुग्ण ओरडला की तुम्ही वरून मिडॅझोलम (गुंगीचं औषध) देता. कृपा करून तसं करू नका. ओरडणं म्हणजे सेक्रल सुटलंय. झोपवलं तर रुग्ण अर्धवट गुंगीत कंबर हलवतो, आणि कापणारी लूप आमच्या हातात चालू असते. लिग्नोकेन जेलीने मूत्रमार्गाचं भागेल, प्रोस्टेटचं नाही.

एस्दोन_एस्चार

मूळ प्रश्न इथेच आहे. सेक्रल का सुटतं?

एल५ आणि एस१ ही सगळ्यात जाड मुळं. औषधाला आवरणातून आत मुरायला वेळ लागतो. शिवाय कमरेतून दिलेलं औषध खाली जातं त्यापेक्षा वर अधिक सहज पसरतं. त्यामुळे १० मिनिटांनी बेंबीपाशी टोचून कळत नाही म्हणून आपण खूश होतो, तेव्हा एस१ अजून जागं असतं. तपासणी खालून वर करा: आधी पावलाची बाहेरची कड (एस१), मग मांडीची मागची बाजू (एस२), मग गुदद्वाराभोवती (एस३ ते एस५), आणि शेवटी बेंबी. संकोचाने गुदद्वाराभोवती तपासलं जात नाही, आणि नेमकं तेच टीयूआरपीला महत्त्वाचं. लिथॉटॉमीत पाय वर घेतले की कॉटन-स्पिरिटने पाच सेकंदांचं काम आहे. पावलाने माझा हात खाली दाबा असं सांगितलं आणि जोर लागला, तर एस१ जागं आहे.

सुटलंय असं दिसलं तर काय करायचं त्याला क्रम आहे. आधी वेळ द्या, लिग्नोकेन असेल तर शेवटच्या डोसनंतर १५ मिनिटं पूर्ण. मग पातळी टी१० च्या खाली असेल तरच त्याच औषधाचे २ ते ३ मिली. पातळी टी१० ला पोचली असेल आणि एस३ जागं असेल तर वरून आणखी औषध टाकून उपयोग नाही, ते टी६ ला जाईल आणि एस३ तसंच राहील. तेव्हा कॉडल (माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून दिलेलं एपिड्युरल) द्या, १ टक्का लिग्नोकेन ८ ते १० मिली, तेही भाग पाडून, आणि आधीच्या लिग्नोकेनमध्ये मिळवून बेरीज करूनच.

सोडाबायकार्बचा उपयोग होतो. आपल्याकडे ७.५ टक्क्यांची अँप्युल मिळते, १० मिली लिग्नोकेनला १ मिली. वेग वाढतो आणि सेक्रलही बरं लागतं. ब्युपिव्हाकेनमध्ये हेच प्रमाण टाकलं तर साका बसतो, म्हणून तिथे हात लावू नका.

दादर_सीएसई

एवढी कसरत करण्यापेक्षा सीएसई (छोटं स्पायनल आणि सोबत एपिड्युरल कॅथेटर) का नाही? ०.५ टक्के हेवी ब्युपिव्हाकेन १ ते १.२ मिली (५ ते ६ मिलिग्रॅम), सोबत फेंटानिल २० मायक्रोग्रॅम. सेक्रल पाच मिनिटांत पक्कं, पातळी बहुतेक टी१०-टी११ ला राहते, बीपी फार हलत नाही. कमी पडलं किंवा काम लांबलं तर कॅथेटर आहेच. नमुना रुग्णाला माझं मत सीएसई.

टूही_अठरा

दादर, या रुग्णाला मीही तेच निवडेन, ते मोकळेपणाने सांगतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्पायनल लागलेलं असताना कॅथेटरचा टेस्ट डोस स्पायनल जागेबद्दल काहीच सांगत नाही, कारण पाय आधीच जड असतात. आणि स्पायनलनंतर एपिड्युरलमध्ये टाकलेलं औषध, अगदी साधं सलाइनसुद्धा, ड्युरल सॅक (मज्जारज्जूची आवरणाची पिशवी) दाबून पातळी वर ढकलतं. म्हणून तिथला टॉप-अप २ मिलीचा, फार तर ३, आणि दोन डोसमध्ये १० मिनिटं.

उलट परिस्थिती अधिक धोक्याची. एपिड्युरलमध्ये १२ मिली गेलेत, सेक्रल लागलं नाही, सर्जन हात धुऊन उभा आहे, आणि आपण नेहमीच्या डोसचं स्पायनल देतो. सॅक आधीच दबलेली असते, पातळी सरळ मानेपर्यंत जाऊ शकते. द्यायचंच असेल तर डोस निम्म्यावर आणा, बसवून द्या आणि एअरवेची तयारी हाताशी ठेवा. कॉडल जास्त सुरक्षित.

कांदिवली_ओटी

ट्रेबद्दल एक तातडीची सूचना. टीयूआरपीत रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड मागवलं जातं आणि काही कंपन्यांची अँप्युल हेवी ब्युपिव्हाकेनच्या अँप्युलसारखी दिसते. चुकून स्पायनलमध्ये गेलं तर झटके, व्हेंट्रिक्युलर अ‍ॅरिदमिया आणि बऱ्याचदा मृत्यू. ट्रॅनेक्झॅमिक स्पायनल-एपिड्युरल ट्रेवर येताच कामा नये, वेगळ्या कपाटात ठेवा. औषध ओढणाऱ्याने नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अँप्युल बघून हो म्हणायचं. एपिड्युरलच्या सिरिंजवर पिवळं लेबल चिकटवा, कारण आयव्ही लाइन आणि कॅथेटर दोन्ही खांद्यापाशी येऊन थांबतात. इंट्रालिपिड (चरबीचं इमल्शन) २० टक्के ओटीतच हवं. लोकल अ‍ॅनेस्थेटिक टॉक्सिसिटी (भुलीचं औषध रक्तात जाऊन विषबाधा) झाली तर किलोमागे १.५ मिली, म्हणजे ५८ किलोला ८७ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. ते खालच्या मेडिकलमधून आणायला माणूस पाठवण्याइतका वेळ त्या क्षणी नसतो.

परळकर_निवासी

आणि बीपी? आधी ५०० ते १००० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) देऊन घ्यायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

गिरगावची_भूल

या रुग्णाला नको. ईएफ ४० टक्के, आणि सर्जन स्वतःच सलाइनने धुणार आहे, त्यातलं काही आत शोषलं जाणारच. ब्लॉक लागताना किलोमागे ५ ते ६ मिली, म्हणजे ३०० ते ३५० मिली पुरे. बाकी औषधाने सांभाळा. नाडी ६० च्या आत असेल तर मेफेंटरमाइन ३ मिलिग्रॅम, गरज पडली तर पुन्हा, किंवा इफेड्रिन ६ मिलिग्रॅम. नाडी ८० च्या वर असेल तर फेनिलएफ्रिन ५० मायक्रोग्रॅम. सिस्टॉलिक मूळच्या ८० टक्क्यांखाली जायची वाट बघू नका. टॅम्सुलोसिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही चालू असल्यामुळे घसरण वेगाने येते.

एऑर्टिक स्टेनोसिस (हृदयाची एऑर्टिक झडप अरुंद) असेल तर हिशेबच वेगळा. या वयात सिस्टॉलिक मर्मर ऐकू आला आणि इको झालेला नसेल, तर इको होईपर्यंत थांबायचं.

आणखी दोन जागी बीपी हलतं. शेवटी पाय खाली घेताना, म्हणून एकेक पाय, मध्ये दोन मिनिटं. आणि रिकव्हरीत ब्लॉक उतरताना उलटं होतं: पसरलेल्या शिरा पुन्हा आवळतात, शोषलेलं पाणी छातीकडे येतं, आणि ओटीत ठणठणीत असलेला रुग्ण तासाभराने धापा टाकतो. म्हणून रिकव्हरीत निदान दोन तास ऑक्सिजन सॅच्युरेशनवर लक्ष हवं.

युरो_बोरिवली

याला जोडून. बायपोलरमध्ये सलाइन वापरतो म्हणून सोडियम पडत नाही हे खरं, पण पाण्याचा भार पडतोच, आणि ईएफ ४० ला तोच जड जातो. मोनोपोलर असेल तर धुवायला १.५ टक्के ग्लायसिन, त्यात मिनिटाला १० ते ३० मिली शोषलं जाऊ शकतं. पिशवी टेबलापासून ६० सेंटिमीटरच्या वर टांगू नये, रिसेक्शन तासाच्या आत आटपावं. ७० ग्रॅमच्या ग्रंथीला ते जमेल का याचा विचार आम्ही आधी करायला हवा.

रुग्णाला जागं ठेवण्याचा सगळा फायदा इथे मिळतो. दर पाच मिनिटांनी बोला. "आजोबा, कुठलं स्टेशन तुमचं?" एवढं विचारलं तरी पुरे. उत्तर गडबडलं, जांभया सुरू झाल्या, मळमळ, अंधुक दिसतंय असं म्हणाले, तर आम्हाला लगेच सांगा. आम्ही रक्तस्राव थांबवून बाहेर पडतो. उपनगरातल्या बऱ्याच नर्सिंग होममध्ये ब्लड गॅस मशीन नसतं, सोडियमचा नमुना बाहेर जातो आणि मध्ये ट्रॅफिक. रिपोर्ट येईपर्यंत रिसेक्शन चालू ठेवायचं नाही.

एस्दोन_एस्चार

बोरिवली सर, म्हणूनच सेडेशनला माझा विरोध आहे. मिडॅझोलम ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की गोंधळलेलं बोलणं औषधाचं की ग्लायसिनचं ते ओळखता येत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांचं श्रवणयंत्र कानातच राहू द्या, चष्माही. थंडीकडेही लक्ष हवं. गार पाण्याने धुतलं तर तासाला जवळपास १ अंशाने तापमान उतरतं, ब्लॉकमुळे पायांच्या शिरा उघड्या असतात आणि म्हातारपणी कापरं भरून ऑक्सिजनची गरज वाढते. धुण्याचं पाणी ३७ अंशांचं घ्या, एसी २४ वर आणा. थरथर सुरू झालीच तर ट्रॅमाडॉल २५ मिलिग्रॅम अगदी सावकाश.

परळकर_निवासी

टॉप-अप कधी द्यायचा? आणि ओपन प्रोस्टेटेक्टमीला डोस किती बदलतो?

टूही_अठरा

टॉप-अप घड्याळावर नाही, दोन सेगमेंट उतरले की. लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिनला साधारण तासाभराने, ब्युपिव्हाकेनला दीड-दोन तासांनी. पहिल्या डोसच्या एक तृतीयांश ते निम्मे. इथे ४ मिली, तेही २-२ करून. सर्जनला "अजून किती?" विचारून उत्तर १५ मिनिटांच्या आत असेल तर देऊच नका.

ओपनला, मग ती फ्रेयरची असो की मिलिनची (दोन्ही पोट उघडून करायच्या पद्धती), वर टी८ लागतं, कारण चीर पोटावर असते आणि पेरिटोनियम ओढलं जातं. कॅथेटर एल२-एल३ ला, १५ सेगमेंट, त्याच ०.८ ने १२ मिली, तयारी १४ ची. नंतर दुखण्यासाठी ०.१ टक्के ब्युपिव्हाकेन, मिलीमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, तासाला ४ ते ६ मिली. मूत्राशयाच्या कळांना खालची मुळं लागतात, म्हणून फोलीचं (लघवीच्या नळीचं) ट्रॅक्शन असेपर्यंत दर ४ मिलीच्या खाली आणू नये.

दादर_सीएसई

कॅथेटर काढतानाचं कोणी लिहिलं नाही. काढणं हे घालण्याइतकंच रक्तस्रावाचं कारण होऊ शकतं. एनॉक्सापॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) ४० मिलिग्रॅमचा शेवटचा डोस होऊन १२ तास झालेले हवेत, आणि काढल्यानंतर पुढचा डोस ४ तासांनी. उपचाराच्या डोसवर असलेल्याला मुळात कॅथेटर ठेवूच नये. क्लोपिडोग्रेल परत केव्हा सुरू करायचं हे हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि आपण तिघांनी मिळून कागदावर लिहायचं, आणि कॅथेटर निघाल्यावरच. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने एपिड्युरल अडत नाही. अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅन (हीही रक्त पातळ करणारी) असेल तर घालण्याआधी ७२ तास बंद, किडनी मंद असेल तर त्याहून जास्त.

परळकर_निवासी

आणि वॉर्डात सिस्टर काय बघणार?

दादर_सीएसई

दर तासाला गुडघा वाकवता येतो का, पाऊल हलतं का. शेवटचा डोस होऊन ४ तास झाले तरी पाय हलत नसेल, किंवा हलत असलेला पाय पुन्हा जड झाला, पाठीत कळ आली, तर रात्री दोन वाजतासुद्धा भूलतज्ज्ञाला फोन. "भूल अजून उतरली नसेल" म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. इन्फ्यूजन बंद, लगेच एमआरआय. हिमेटोमा (मणक्यात साचलेलं रक्त) असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत दाब काढला तर पाय परत येण्याची शक्यता चांगली. एमआरआय असलेल्या हॉस्पिटलपर्यंत अँब्युलन्सला लागणारा वेळ त्या ८ तासांतच मोजायचा. लघवी तुंबण्याचं लक्षण इथे मिळणार नाही, कारण फोली आधीच आहे. म्हणून पायाची नोंद हाच मुख्य आधार, आणि ती केसपेपरवर वेळ घालून हवी.